डावीकडची सीट

जुईली : मी सकाळीच सांगितलं होतं बाबा. तुम्ही चालवणार असाल तर मी शेजारी बसणार नाही.

नरहरी : लायसन्स आहे माझ्याकडे.

जुईली : महिन्यापूर्वीचं. तेही ड्रायव्हिंग स्कूलच्या डबड्यावर मिळवलेलं. ही पोर्शे आहे.

नरहरी : चाकं चारच आहेत.

दत्ता : साहेब बराबर बोलत्यात. चाकं चारच. पर लई उतावळी हायेत.

जुईली : दत्ता, तुम्ही शोरूमचे ड्रायव्हर आहात ना? मग त्यांना समजवा. त्यांच्या बाजूने कशाला बोलताय?

दत्ता : म्या कुणाच्या बाजूनं न्हाई, ताई. जुन्या गाड्या इकायच्या, गिऱ्हाइकाला फिरवून आणायचं, एवढंच माझं काम. हिंजवडीत फिरवावं तर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात न्हाई. म्हणून सगळ्यांना हितं लांब माले गावाला आणतुया. रस्ता बरा, आन् माझं घरबी हितंच.

जुईली : बघितली ना गाडी? हिंजवडीपासून इथपर्यंत मी चालवली, तुम्ही शेजारी बसलात. झाली टेस्ट ड्राइव्ह.

नरहरी : तुझी झाली. गाडी मी घेणार आहे.

जुईली : का पण? साठी उलटली तुमची. दोन सीटची, छप्पर उघडणारी गाडी कशाला हवीय तुम्हाला?

नरहरी : तुझ्या आईने ही निवडली होती.

जुईली : आई चालवायची. आईला चालवता येत होतं.

नरहरी : मलाही येतं आता.

जुईली : मग चालवा. मी इथे थांबते, दत्तांनी मागून आणलेल्या त्या बीएमडब्ल्यूपाशी. दत्ता, तुम्ही बसा यांच्या शेजारी.

दत्ता : बसतो की. रोजच बसतुया. या साहेब. आधी पाय आत घालू नगा, आधी बूड टेकवा. हां. मग पाय. ही गाडी म्हंजी पाटावर बसल्यागत हाय.

नरहरी : उठताना त्रास होणार.

दत्ता : उठताना समद्यांना व्हतोय. मागल्या म्हयन्यात एका डाक्टरला दोघांनी ओढून काढला. शीट फुडं घ्या. आता ऐका. हिला क्लच न्हाई. दोनच पायडल. डावा पाय गप झोपवायचा, त्याला उठवायचंच न्हाई.

नरहरी : झोपवला.

दत्ता : इंजिन तुमच्या पाठीमागं हाय. आवाज मागनं येतोय, दचकू नगा. सोडा ब्रेक. हळू. आता उजव्या पायाला नुसती आठवण करून द्या. बास, बास! आठवण म्हणलं, लाथ न्हाई.

नरहरी : चालली.

दत्ता : चालली म्हंजी काय, ती वाटच बघत व्हती. वळण आलं, नुसतं बघा तिकडं. स्टेअरिंग ओढू नगा. बघा, वळली का न्हाई?

नरहरी : वळली. सोपी आहे की.

दत्ता : वळणाला हिचा हात कोन धरत न्हाई. बीएमडब्ल्यू जड पडती. तिला सांगावं लागतंय, पर सांगितलं की ऐकती. इंजिन फुडं, मागं दोन मानसं बसत्यात. पाय दुमडून का व्हईना, बसत्यात. रोजच्याला ती. मजेला ही.

नरहरी : हेमलता म्हणायची, सकाळी हिंजवडी आणि रविवारी ताम्हिणी. दोन्हीला एकच गाडी पाहिजे. गर्दीत क्लच दाबायला नको, घाटात कंटाळा यायला नको. म्हणून ही.

दत्ता : बाईसाहेब का? त्यांनी चालवून बघितली व्हती?

नरहरी : नाही. मोबाईलवर बघायची. जेवताना, झोपताना. मी म्हणायचो, मागे सीट असलेली घे. दोन वर्षं आमचं हेच भांडण.

दत्ता : आन् आता त्या…

नरहरी : मार्चमध्ये गेली.

दत्ता : अरं देवा. साहेब, तुमाला हीच गाडी आवडतीया का?

नरहरी : तुला कोणती आवडते?

दत्ता : मला माझी मोटारसायकल. खड्ड्यात गेली तरी माझं आई-बाप काढत न्हाई कुनी. साहेब, माघारी आलोय, ताई फुडं दिसत्यात. आरशात बघा. मागं एसटी हाय. घाई नगं, तिला काय जायचंय ते जाईल. आन् फुडं म्हशी हायेत.

नरहरी : दिसल्या. गिअर कमी करतो.

दत्ता : गिअर टाकायचं न्हाईत हिला! नुसतं रेस सोडा.

नरहरी : दुसऱ्यावर घेतो.

दत्ता : साहेब, डावा पाय! ब्रेक हाय त्यो, क्लच न्हाई! उचला! उचला!

(गाडी जागीच थांबते. मागे एसटीचे ब्रेक आणि लांबलेला हॉर्न.)

नरहरी : लागली का?

दत्ता : न्हाई लागली. हातभर राहिली. हात काढा स्टेअरिंगवरनं. काढा, साहेब. बंद करतो म्या. …ओ मास्तर, शिव्या नगा देऊ, नवं गिऱ्हाईक हाय! व्हय, व्हय, घेतो बाजूला!

नरहरी : मी क्लच दाबला.

दत्ता : दाबला खरा. पर तो हितं नव्हता. शिकताना क्लचवर शिकलाव ना, पाय आपोआप जातोय. लई जणांचं व्हतंय. ताई पळत येत्यात बघा.

जुईली : उतरा! उतरा आधी. बाबा, लागलं का तुम्हाला? मान बघू.

नरहरी : काही नाही झालं.

जुईली : बस किती जवळ होती माहितीये? मी तिथून बघत होते. मला वाटलं, आता… किल्ली द्या.

नरहरी : दत्ताकडे आहे.

जुईली : दत्ता, किल्ली द्या आणि ही गाडी बाजूला घ्या. मग चहा प्या, काहीही करा. आम्हाला जरा वेळ द्या.

दत्ता : किल्ली दिली तर बाजूला कशी घेऊ, ताई?

जुईली : मग आधी घ्या! जा!

दत्ता : जातो. पर एक सांगू? लई वरडू नगा. आधीच धसकल्यात ते.

नरहरी : जा रे तू.

जुईली : झाली हौस?

नरहरी : चूक झाली.

जुईली : चूक? अहो, मेला असतात. आणि त्या दत्ताला घेऊन. काय सिद्ध करायचंय तुम्हाला? आई गेल्यावर आता ड्रायव्हिंग शिकताय. आता! आता कुणाला न्यायचंय तुम्हाला?

नरहरी : ओरडू नकोस. रस्त्यावर आहोत.

जुईली : ओरडणार. सात महिने नाही ओरडले. छातीत कळ येत असताना आई स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेली, बाबा. स्वतः. आणि तुम्ही शेजारी बसून होतात.

नरहरी : हो.

जुईली : एवढंच? हो?

नरहरी : मग काय म्हणू? तेच झालं. कॅबवाला जवळच्याच जांबे गावातून निघालो म्हणाला, निघालाच नाही. दुसऱ्याने बुकिंग घेतलं आणि सोडून दिलं. मी म्हटलं, शेजारच्या कौस्तुभला उठवतो. तोवर ही चपला घालून लिफ्टपाशी.

जुईली : तुम्ही अडवायला हवं होतं.

नरहरी : तुझ्या आईला? कौस्तुभचं दार वाजवून मी वळलो, तर लिफ्ट खाली गेलेली. जिन्याने उतरलो. तिने गाडी चालू केलेली, माझं दार आतून उघडलेलं. म्हणाली, बसताय की येऊ जाऊन?

जुईली : हे तुम्ही कधी सांगितलं नाही.

नरहरी : तू विचारलं नाहीस. आलीस की विमानतळावरून थेट तिच्या बहिणीकडे उतरतेस. माझ्याकडे येतेस ती चहाला.

जुईली : रस्त्यात काय बोलली?

नरहरी : एका डंपरवाल्याला शिव्या दिल्या. आडवा आला होता. मग म्हणाली, या क्लचने माझा पाय गेला हो, आता बिनक्लचचीच घेऊ. मी म्हटलं, घे. मागची सीट नको तर नको, तुला हवी ती घे. तर हसली. म्हणाली, जिंकले की मी.

जुईली : म्हणून ही पोर्शे?

नरहरी : म्हणून ही.

जुईली : तुमचं भांडण मागच्या सीटवरून होतं?

नरहरी : तू बेंगळुरूहून आलीस की कुठे बसणार, हे माझं म्हणणं. ती म्हणायची, जुईली माझ्या शेजारी बसेल, तुम्ही पीएमटीच्या बसने या.

जुईली : म्हणालीच असेल.

नरहरी : रोज म्हणायची.

जुईली : पुढे? दवाखान्यात?

नरहरी : नको.

जुईली : सांगा, बाबा. मावशी सांगते ते वेगळं, डॉक्टर सांगतात ते वेगळं. तुम्ही होतात तिथे.

नरहरी : गाडी थेट दारात नेली तिने. आतल्या पोरांनी खुर्ची आणली. बसली. मी बरोबर निघालो, तर किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, अहो, गाडी दारातून हलवा, मागून कुणाची अँब्युलन्स येईल.

जुईली : पण तुम्हाला तर…

नरहरी : तिला माहीत होतं मला येत नाही. तेव्हा लक्षात नसेल आलं. मी किल्ली घेतली आणि गाडी चालवणारा माणूस शोधायला लागलो. वॉचमनला येत नव्हती. औषधाच्या दुकानातल्या पोराला विचारलं, तो गिऱ्हाईक सोडून येईना. मग फाटकाबाहेर एक रिक्षावाला भेटला, त्याने लावली बाजूला. मी आत आलो. पडदा ओढलेला होता. गाडी हलवायला तिने मला सांगितलं होतं, जुईली. शेवटचं काम. ते रिक्षावाल्याने केलं.

जुईली : बाबा, बसा इथे कठड्यावर. पाणी प्या.

नरहरी : मला नको.

जुईली : प्या म्हणते ना. …मला वाटायचं, तुम्ही तिच्याजवळ होतात. म्हणून मला एवढा राग होता. जवळ बसून काही केलं नाही, असं.

नरहरी : जवळ नव्हतो. राग ठेव, हवा तर.

जुईली : असं बोलू नका.

दत्ता : येऊ का? चहा आणलाय. भांडान संपलं असलं तर गरम हाय, न्हाईतर गार करून आणतो.

जुईली : द्या. बसा तुम्हीपण.

दत्ता : एसटीवाला वळखीचा निघाला. म्हणला, म्हाताऱ्याला सांग, ब्रेक लई झ्याक मारला.

नरहरी : दत्ता, ही गाडी मला नको. मला जमणार नाही.

दत्ता : जमंल की. पंधरा दिस हात बसंस्तोवर…

नरहरी : नको. ती गाडी जिला चालवता येते तिची. मी घेऊन दारात उभी करणार आणि कव्हर घालणार. तिला ते आवडलं नसतं. तिने आवडीच्या वस्तूला कधी कव्हर घातलं नाही. सोफ्यालासुद्धा.

दत्ता : मग चला, दोन्ही गाड्या परत लावू. म्या एक न्हेतो, ताई एक.

जुईली : दत्ता, बीएमडब्ल्यूला क्लच आहे ना?

दत्ता : हाय. तीन पायडल, सहा गिअर. म्हणून तर कुनी घेईना. समद्यांना आराम पायजे.

जुईली : तिची किल्ली द्या. बाबांना.

नरहरी : नको, जुईली. तू चालव.

जुईली : तुम्ही क्लचवर शिकलात. तुमचा डावा पाय तिथे कामाला येईल.

नरहरी : आता धीर नाही मला.

जुईली : चहा संपेपर्यंत येईल. दत्ता, तुम्ही पोर्शे घेऊन पुढे व्हा. पण लांब जाऊ नका. दिसत राहा.

दत्ता : ती गाडी घेऊन हळू जायचं म्हंजी घोड्याला नांगराला जुपायचं. बरं, जातो. साहेब, क्लच जड हाय हिचा, तुमच्या डायव्हिंग शाळंच्या गाडीगत न्हाई. पाय अर्ध्यात सोडू नगा.

नरहरी : जुईली, तू मागे बस. मागे सीट आहे.

जुईली : मागे कशाला?

नरहरी : पुढे भीती वाटेल तुला.

जुईली : मागे बसले तर तुमचे पाय दिसणार नाहीत. सरका, मागे बॅग टाकू द्या माझी, मी पुढेच बसते. हं. बसले. बेल्ट लावा.

नरहरी : लावला.

जुईली : आरसा.

नरहरी : दिसतंय. तू, म्हणजे तू घाबरलीस तर सांग, थांबवतो.

जुईली : घाबरले आहे. चला.

नरहरी : बंद पडली.

जुईली : पडू द्या. परत लावा. जोर जास्त आहे हिला, रेस कमी द्या. …निघाली.

नरहरी : जड आहे खरी.

जुईली : आवडली का?

नरहरी : आवडायला वेळ कुठाय? समोर बघतोय.

जुईली : बघा, बघा. पुढे स्पीडब्रेकर आहे. गावकऱ्यांनी घातलेला, उंच आहे. सरळ नेऊ नका, घासेल. तिरकी घ्या.

नरहरी : मागचा हॉर्न मारतोय.

जुईली : मारू दे. त्याचा हात मोकळा आहे. एक चाक चढवा. आता दुसरं. क्लच, क्लच दाबा. हां.

नरहरी : घासली नाही.

जुईली : नाही घासली.

नरहरी : दत्ता कुठे गेला?

जुईली : तो बघा, वळणावर थांबलाय. त्याच्याकडे बघू नका, रस्त्याकडे बघा.

नरहरी : तू गप्प बसलीस की मला भीती वाटते. बोलत राहा.

जुईली : काय बोलू?

नरहरी : काहीही. मी असाच बसायचो तिच्या शेजारी. सगळा रस्ता बोलत. ती म्हणायची, गप्प बसा हो, मला इंजिन ऐकू द्या.

जुईली : मग ऐका थोडं.

नरहरी : …हो. ऐकू येतंय.

जुईली : रस्ता मोकळा आहे, बाबा. तिसरा टाका.