समुद्राकडे पाठ

पोर्तुगालमधल्या नाझारे या कोळीगावाच्या चर्चमध्ये नवं चित्र लागलं, तेव्हा ते काढणारी इर्मेलिंदा शाल ओढून गुपचूप रांगेत उभी राहिली. पुढे दोघी कोळणी होत्या, नणंद-भावजय. नणंद मात्र दाराबाहेरच्या समुद्राकडे तोंड करून, उलटी उभी होती.

“वन्स, मारियामाय आपल्यासारखे सात घागरे घालून किनाऱ्यावर उभी आहे हो! कडेवर बाळ! वळा की!”

“माझा लेक तोमे समुद्रात आहे. तो येईपर्यंत मी पाठ फिरवायची नाही.”

“सात वर्षं झाली, वन्स... अगंबाई! हिनं तर समुद्राकडे पाठ फिरवलीय!”

“मारियामायनं? उतरवा ते चित्र! होड्या बाहेर असताना कुठली आई पाठ फिरवते?”

इर्मेलिंदानं शाल आणखी पुढे ओढली.

“थांबा, खाली शास्त्रातलं वचन आहे. ‘समुद्राने आपल्यातील मेलेल्यांना परत दिले.’ अहो, होड्या बाहेर नाहीतच! सगळ्या वाळूवर ओढल्यात!”

“सगळ्या?”

“हिरवी, लाल... आणि एक निळी. तिच्या पुढच्या टोकावरचा, नाळेवरचा डोळा तिरळा रंगवलाय.”

“तिरळा? नीट बघ!”

“तिरळाच! वन्स, आपल्या तोमेच्या होडीचा!”

“हजारदा सांगितलं होतं कार्ट्याला, डोळा सरळ काढ म्हणून! सरक बाजूला. मला वळू दे.”