सूर्य काय आपलं गिऱ्हाईक आहे?

सोलरच्या धंद्यात स्ट्रॅटेजी म्हणजे काय, हे मला चांदवडला एका शेतावर सोलर पंप बसवताना कळलं. मी तेव्हा एका परदेशी कंपनीचा नाशिकचा डीलर होतो. कंपनीचे साहेब आले आणि म्हणाले, "नव्या बाजारात आधी दिसलं पाहिजे. पॅनलचं तोंड हायवेकडे करा." हायवे शेताच्या उत्तरेला!

आमचा फिटर नामदेव म्हणाला, "साहेब, ऊन दक्षिणेकडून येतं."

साहेब हसले. "सूर्य काय आपलं गिऱ्हाईक आहे?"

ऐन डिसेंबरात उद्घाटन. मंडप, फेटे, बँड, सगळं होतं. पंपाची धार मात्र करंगळीएवढी. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही सूर्य मीच फिरवलाय. मग गुपचूप मंडपामागे डिझेलचा जनरेटर आणून पंपाला जोडला आणि आवाज झाकायला बँडवाल्यांना जोरात वाजवायला लावलं. पाणी धो धो! टाळ्या पडल्या, फोटो थेट हेड ऑफिसला गेले.

निघताना शेतमालक भास्करतात्यांनी साहेबांचा हात धरला.

"साहेब, तुमचं सोलर लय भारी हाय. फक्त हे पुढचं काचेचं घेऊन जा, अन् मागचं डिझेलवालं सोलर तेवढं ठेवा."