तुमच्यावर अवलंबून कोण?

…सोपं आहे म्हणे! नाही, हसताय काय? त्या सॉफ्टवेअरच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, एवढ्या मोठ्या अक्षरांत, 'आपलं इन्कम टॅक्स रिटर्न आपणच भरा, सोपं आहे!' आणि त्याच्याखाली एक बाई, हातात कॉफीचा मग, लॅपटॉपकडे बघून हसतेय. अहो, टॅक्स भरताना हसणारी बाई तुम्ही पाहिलीय कधी? मी नाही पाहिली. मी टॅक्स भरणारा पुरुषसुद्धा हसताना पाहिला नाही, एक आमचा साडू सोडून. आणि तो हसतो ते दुसऱ्याचा टॅक्स भरताना.

हां, हे सगळं साडूमुळे झालं. आमचा साडू करसल्लागार. इतकी वर्षं माझं रिटर्न तोच भरायचा, एक पैसा घ्यायचा नाही. पैसे घेतले असते तर परवडलं असतं हो! पैसे न घेता तो भाषण द्यायचा. सासरची सगळी मंडळी चहाला बसली की हा मुद्दाम घसा खाकरून, 'काय हो इन्स्ट्रक्टर, पावत्या यंदा तरी सांभाळून ठेवल्यात का?' की सगळ्यांच्या माना माझ्याकडे! शेवटी माझं डोकं सटकलं. म्हटलं, यंदा माझं मी भरणार. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि फक्त 'बरं' म्हणाली. तुम्हाला सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या 'बरं'चा तळ मला अजून लागलेला नाही.

मी पडलो गाडी शिकवणारा माणूस. माझ्या बाजूला, पायाशी, वेगळा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी दाबतो, विषय संपला. या सॉफ्टवेअरला ब्रेकच नाही हो! रविवारी सकाळी बसलो जेवणाच्या टेबलाशी, तर दर पानाला माझा उजवा पाय टेबलाखाली काहीतरी शोधतोय, आणि तोंडानं आपोआप, 'हळू… हळू… आरसा बघ…' आमचे वडील, म्हणजे दादा, समोर पेपर वाचत होते. म्हणाले, 'कोणाला शिकवतोयस? ते आधीच चालतंय, तूच बंद पडलायस.'

आता प्रश्न कसले विचारतं ते ऐका. 'गेल्या वर्षात आपण जहाज विकलंत का?' जहाज! माझ्या बाथरूममध्ये बादली आहे, तीसुद्धा गळकी. 'नाही.' लगेच ते म्हणतं, 'छान! पुढे जाऊ या!' यात छान काय? 'आपल्याला परदेशातून वारसाहक्कानं मालमत्ता मिळाली का?' नाही. 'छान!' 'आपण शर्यतीचे घोडे पाळता का?' नाही. 'छान! आपण उत्तम प्रगती करत आहात!' अहो, कसली प्रगती? नाही नाही नाही दाबत गेलं की माणसाच्या पहिल्यांदाच लक्षात येतं, आपल्याकडे काय काय नाही ते. तोपर्यंत मी सुखात होतो. घोडे नाहीत याचं मला कधी दुःख नव्हतं, पण लागोपाठ विचारल्यावर असं वाटायला लागलं की एखादा तरी घोडा पाहिजे होता. आणि म्हणे सोपं आहे!

मग उत्पन्न. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं गेल्या वर्षी एक यंत्र आणलं, खुर्चीत बसून पडद्यावर गाडी चालवायची. शिकणारे तिथेच शिकतात, तिथेच धडकतात, कोणाला लागत नाही, पेट्रोल जळत नाही. माझ्याकडे फक्त शेवटचे काही तास येतात, खऱ्या रस्त्यावर घाबरायला. तेव्हा उत्पन्न कमी झालं होतं हे मला माहीत होतं, नाही असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि पडद्यावर बेरीज दिसणं वेगळं. मी चष्मा पुसला. आकडा तेवढाच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! सॉफ्टवेअर म्हणालं, 'छान!'

खोटं कशाला बोलू, मी जरा खचलो. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, तेवढ्यात तो प्रश्न आला. 'आपल्यावर कोणी अवलंबून आहे का?'

अहाहा! काय प्रश्न आहे! इतक्या सगळ्या 'नाही'नंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या मनातलं विचारलं. मी खुर्चीत सरळ बसलो, शर्टाची कॉलर नीट केली. आहे का म्हणून काय विचारता? माझ्यावर अख्खं घर अवलंबून आहे! जहाज नसेल, घोडे नसतील, पण माणसं आहेत! दाबलं 'हो'. किती? तीन. वडील, पत्नी, मुलगी. नावं लिहिली, फोन नंबर लिहिले, म्हटलं अडीअडचणीला असावेत, मागितलेत तर देऊन टाकू. काय भारदस्त दिसत होती ती यादी! वर माझं नाव आणि खाली तीन माणसं, जशी काही मी छत्री धरलीय आणि सगळे आत उभे आहेत. दाबलं 'पुढे'.

ते म्हणालं, 'छान! संबंधित व्यक्तींना संमतीसाठी मेसेज पाठवला आहे.'

…काय पाठवलंय?

पाय गेला टेबलाखाली. ब्रेक! ब्रेक!! कुठला ब्रेक? समोर दादांचा फोन वाजला, टिंग! त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून आवाज सगळ्यात मोठा ठेवलेला, शेजारचेसुद्धा आपापले फोन बघतात. दादांनी पेपर खाली ठेवला, फोन हातभर लांब धरला, आणि मोठ्यानं वाचलं, 'आपल्या मुलानं आपल्याला अवलंबून व्यक्ती म्हणून दाखवलं आहे. मान्य आहे का? हो. नाही.'

मी म्हटलं, 'दादा, हे नुसतं सरकारी असतं हो…'

आता आमचे दादा कोण? अग्निशमन दलातून रिटायर झालेले. आजही जिना चढताना कोणी हात पुढे केला तर त्या हाताकडे असे बघतात, की तो आपोआप खिशात जातो. 'अवलंबून? मी?' उठून उभे राहिले हो! 'पाचव्या मजल्यावरून माणूस खांद्यावर घेऊन उतरलोय मी! धुरातून! तो अवलंबून होता, माझ्यावर! मला पेन्शन येतं. माझ्या बुटाची नाडी मी बांधतो!' बांधतात, खरं आहे. सकाळी बांधायला बसतात आणि फिरायला निघतात तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं, पण बांधतात स्वतःच. 'आणि तुझ्या स्कूटरचं नवीन टायर कोणाच्या पेन्शनमधून आलं?' आता हे सरकारला कशाला सांगायचं? पण त्यांनी 'नाही' दाबलं होतं आणि खाली चौकट आली होती, 'कारण लिहा'. दादा बसले लिहायला. एका बोटानं. मी म्हटलं, 'दादा, रिकामं सोडलं तरी चालतं.' म्हणाले, 'मला चालत नाही.'

इतक्यात आतल्या खोलीतून आमचं कन्यारत्न! ती घरात बसून काम करते, दिवसभर कानावर ते हेडफोन, मी 'जेवायला चल' म्हणून ओरडलो तर ऐकू येत नाही, पण याला बरोबर ऐकू आलं. दारात उभी राहिली. 'बाबा, हे काय आहे?' म्हटलं, 'अगं, बापाच्या छायेत असतं मूल…' ती म्हणाली, 'बाबा, घरातलं इंटरनेट कोण भरतं?' मी म्हटलं, 'तू.' 'मग ज्या इंटरनेटवरून तुम्ही मला अवलंबून लिहिलंत, ते माझं आहे.' आणि दाबलं 'नाही', माझ्यासमोर, आणि हेडफोन परत कानावर! म्हणजे पुढचं माझं म्हणणं हवेतच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय!

राहिली बायको. म्हटलं, ही एक तरी आहे! ही समजूतदार आहे! ती असते पॅथॉलॉजी लॅबमध्ये, रक्त काढायचं काम, रविवारी सकाळचीच ड्यूटी. तिचा हात इतका हलका आहे म्हणतात, सुई कधी गेली कळतच नाही. घरातसुद्धा तसंच आहे, मला दोन दिवसांनी कळतं. फोन आला. आवाज एकदम शांत. 'अहो, एका काकांच्या हाताला पट्टी बांधून ठेवलीय, शीर सापडायची आहे. मी तुमच्यावर अवलंबून आहे असा मेसेज आलाय. लवकर सांगा, काय करू?'

मी म्हटलं, 'तुला काय वाटतं?'

'मला काय, मी हो दाबते. एवढ्यानं तुम्हाला बरं वाटणार असेल तर दाबते.' आणि मागून त्या काकांचा आवाज, 'दाबा हो ताई, बिचाऱ्याला बरं वाटेल!' त्या काकांना मी ओळखत नाही. तेही मला ओळखत नाहीत. पण हाताला पट्टी बांधलेला, सुईची वाट बघणारा माणूस मला बिचारा म्हणतोय!

तिनं दाबलं 'हो'. हुश्श! एक तर एक! म्हटलं, छत्रीत निदान एक माणूस राहिलं. पण थांबा… सॉफ्टवेअरनं विचारलं, 'पत्नीचं वार्षिक उत्पन्न?' मी लिहिलं. प्रामाणिकपणे लिहिलं हो. आणि अख्खी चौकट लाल! इतका वेळ छान छान म्हणणारं ते, पहिल्यांदा छान म्हणालं नाही. म्हणालं, 'या व्यक्तीचं उत्पन्न आपल्या उत्पन्नापेक्षा जास्त आहे. आपण नावं चुकून उलट तर लिहिली नाहीत ना?'

बघा! उलट तर लिहिली नाहीत ना! साडूनं भाषण दिलं असतं, पण हे विचारलं नसतं. सोपं आहे म्हणे!

मी पुसून टाकलं. अवलंबून व्यक्ती, शून्य. 'छान!' म्हणालं परत. आणि पुढच्या पानावर, रंगीत कागदाचे तुकडे उडवत, 'अभिनंदन! आपलं उत्पन्न करमर्यादेपेक्षा कमी आहे. आपल्याला कोणताही कर लागू नाही. सवलतींचा तपशील भरण्याची आवश्यकता नव्हती.'

नव्हती! अरे मग आधी नाही का सांगायचंस, मेल्या? वडील पेटले, मुलगी फिरली, कोण कुठले काका मला बिचारा म्हणाले, आणि आता सांगतोस आवश्यकता नव्हती? इकडे दादा अजून कारणच लिहितायत!

लॅपटॉप मिटला. बसलो. वाईट वाटलं, खरं सांगतो. टॅक्सचं नाही. माणसाला वाटत असतं, आपण आहोत म्हणून घर उभं आहे. आणि एका सकाळी कळतं, घर आपापलं उभं आहे, आपण आत राहतो.

आणि तेवढ्यात, टिंग!

या वेळी माझा फोन. 'आपल्या पत्नीनं आपल्याला अवलंबून व्यक्ती म्हणून दाखवलं आहे. मान्य आहे का?'

अहो, तिनं चहाच्या सुट्टीत, मोबाइलवर, स्वतःचं अख्खं रिटर्न भरलं होतं! चहा निवायच्या आत! मी सकाळपासून जहाजं आणि घोडे हाकतोय! लगेच फोन. 'अहो, तुम्हाला दाखवलं तर मला सूट मिळतेय. दाबा हो लवकर, पुढचा पेशंट आलाय.'

आता काय करायचं? अंगठा 'हो'वर नेला, परत आणला. 'नाही'वर नेला, परत आणला. दादा बघत होते. उठले, माझ्या शेजारी येऊन बसले, चक्क खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, 'मी इतकी माणसं खांद्यावरून उतरवली. त्रास कोणी दिला, माहितीये? जाड्यांनी नाही. जे म्हणायचे, सोडा, मी चालत येतो, त्यांनी. खांद्यावर घेतलेल्या माणसानं गप राहायचं असतं रे. हातपाय झाडले की दोघंही पडतात.'

हे कोण सांगतंय, बघा! जे आत्ता एका बोटानं सरकारला निबंध लिहीत होते! मी म्हटलं, 'दादा, मग तुम्ही का नाही गप राहिलात?' तर म्हणाले, 'माझं वेगळं. मला उतरवणारा तू आहेस. तुला आधी ब्रेक शोधावा लागेल.'

दाबलं मी 'हो'. तर ते विचारतंय, 'आपण नक्की अवलंबून आहात का?' नक्की का! आता हे दोनदा कबूल करू? केलं. दोनदा केलं. आणि तुम्हाला सांगतो, सकाळपासून तेवढं एकच काम खरोखर सोपं निघालं.

पण मी काही हार मानणारा माणूस नाही. दुपारभर विचार केला. सूट मिळाली कोणाला? बायकोला. कोणामुळे? माझ्यामुळे! मी अवलंबून नसतो तर मिळाली असती का सूट? नसती! म्हणजे सवलतीसाठी ती कोणावर अवलंबून? माझ्यावर! मग घरचा कर्ता कोण? बिनतोड आहे की नाही? साडूलासुद्धा सुचलं नसतं! ती घरी येऊन चपला काढतेय तोच मी तिला दारातच गाठलं आणि एका दमात सगळं ऐकवलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाली, 'बरं. दारात उभेच आहात तर तेवढा कचरा खाली टाकून या.'

…आलो टाकून.