पहिली होडी

(नदीचा काठ. दुपार उतरली आहे, पाणी चढतंय. झाडाखाली राजा बसला आहे. एक पाय जखमी, बांधलेला.)

नावाडी : पुन्हा अर्धी रिकामी गेली, महाराज! घसा फोडून सांगतोय, चढा बाबांनो, चढा. तर हे एकमेकांना म्हणतात, तुम्ही आधी, तुम्ही आधी. पाहुणे आलेत का माझ्याकडे?

राजा : माझी आज्ञा आहे म्हणून सांग.

नावाडी : सांगितलं की! म्हणाले, महाराज काठावर बसलेत आणि आम्ही पलीकडे जाऊन काय तोंड दाखवू?

राजा : शाबास.

नावाडी : शाबास काय, महाराज! वर डोंगरात पाऊस कोसळतोय. सकाळी तो काळा खडक दिसत होता, बघा बरं आता दिसतोय का? अंधार पडला की या पाण्यात होडी घालायची माझी छाती नाही. आणि शत्रू काय पाणी ओसरायची वाट बघत बसणार आहे?

राजा : खिंडीत आपली माणसं आहेत, ती त्याला अडवून धरताहेत. ती खाली उतरली, होडीत बसली, की मग मी. ठरलंय ते.

वहिनी : तेच विचारायला आले. कधी उतरणार ती?

राजा : वहिनी! तुम्हाला जखमींबरोबर पलीकडे पाठवलं होतं ना?

वहिनी : गेले होते. त्यांना उतरवलं आणि आले परत. भाऊजी, खिंडीतून निरोप आला का?

राजा : आला.

वहिनी : काय म्हणतो माझा लेक?

राजा : म्हणतो, काकांचं निशाण नदीवरून पलीकडे जाताना दिसल्याशिवाय खिंड सोडणार नाही.

वहिनी : आणि काकांचं काय म्हणणं?

राजा : काकांचं म्हणणं... तो आल्याशिवाय निशाण हलणार नाही.

वहिनी : वा! तो तुमच्यासाठी अडलाय, तुम्ही त्याच्यासाठी. काका-पुतण्या दोघेही शूर, आणि मधल्यामध्ये ही सगळी माणसं मरणार.

राजा : टोमणे मारू नका, वहिनी. मी पुन्हा माणूस पाठवलाय वर.

वहिनी : तो काय सांगून येईल ते मी आत्ताच सांगते. तो यायचा नाही. माझ्या पोटचा आहे, मी ओळखते त्याला.

राजा : मग मी तरी काय करू? राज्यावर बसलो त्या दिवशी महादेवाच्या पिंडीवर हात ठेवलाय मी, सगळ्यांच्या देखत. मागे फिरायची वेळ आली तर सगळ्यांत शेवटी मी निघेन. आजवर एकदा मोडली का ती शपथ? माझ्याकडे काय होतं तेव्हा? चार फुटकी ठाणी आणि ही एक शपथ. तिच्यावर माणसं माझ्यामागे आली.

वहिनी : आली. आणि त्याच शपथेपायी आज हलत नाहीत.

नावाडी : बाईसाहेब अगदी माझ्या मनातलं—

राजा : तू गप्प बस.

नावाडी : बसलो.

वहिनी : तुम्ही होडीत बसा, भाऊजी. आत्ता. निशाण घेऊन.

राजा : बोलायला काय जातंय! ही सगळी काठावर असताना मी आधी होडीत चढू? ही पोरं माझ्याकडे बघताहेत, वहिनी. लहानपणापासून त्यांनी एकच ऐकलंय, राजा शेवटी येतो.

वहिनी : माझ्या लेकानंही तेच ऐकलं. आणि बापाचं काय ऐकलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

राजा : तो विषय नको.

वहिनी : का नको? तुमचा थोरला भाऊ, या गादीवरचा राजा, हरलेल्या लढाईतून पहिल्या होडीत बसून पलीकडे गेला. पळपुटा! गल्लीतली पोरंसुद्धा म्हणायची. माझ्या मुलाला खेळायला घेत नव्हती. आज तो त्या खिंडीत कुणाशी लढतोय असं वाटतं तुम्हाला? शत्रूशी? बापाचा डाग धुतोय तो.

राजा : दादांना मी कधी पळपुटा म्हटलं नाही.

वहिनी : नाही म्हटलंत. पण ते गेल्यावर गादीवर बसलात आणि पहिली शपथ ती घेतलीत. अख्ख्या राज्याला जे कळायचं ते कळलं. मी होते त्या होडीत. ह्यांच्या शेजारी.

राजा : मी काठावर होतो. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. दादा चढले ते मी बघितलं. एकदम सगळे ओरडायला लागले, राजा चालला, राजा चालला! आणि मग...

वहिनी : आणि मग?

राजा : मग आम्ही धावलो. सगळेच. जी होडी मिळेल ती, दोर मिळेल तो. मी एका म्हाताऱ्या शिपायाच्या खांद्यावरून चढलो.

वहिनी : धावलात म्हणून वाचलात. त्या दिवशी काठावर कोण उरलं होतं?

राजा : कुणीच नाही.

वहिनी : हे कुणी सांगत नाही.

राजा : म्हणजे दादांनी मुद्दाम... वहिनी, मग ते बोलले का नाहीत? एवढी वर्षं?

वहिनी : कारण सगळं तसंच नव्हतं, भाऊजी. मी खोटं सांगणार नाही. ‘मी निघाल्याशिवाय ही माणसं हलायची नाहीत,’ असं ते मला म्हणाले होते. पण घाबरलेही होते. माझा हात असा घट्ट धरला होता, की वळ उठले. भीतीही खरी, तेही खरं. जगाला काय काय समजावणार?

राजा : आणि तुम्ही हे आज सांगताय. मुलगा खिंडीत आहे म्हणून.

वहिनी : हो, म्हणूनच! आई आहे मी. लाज कसली त्यात? पण वर एकटा माझाच मुलगा नाही. त्या प्रत्येकाची आई कुठेतरी दाराशी उभी आहे. त्यांना इथे येता आलं नाही, मी आले.

राजा : समजा, अंगावर कांबळं घेतलं आणि जखमी शिपाई म्हणून गुपचूप गेलो तर? पलीकडे गेलो की निशाण उभारू.

वहिनी : आणि इथे तुम्ही दिसेनासे झालात की ही माणसं शोधत बसतील तुम्हाला. झाडाझुडपांत, पाण्यात. नाही भाऊजी. दिसायला हवं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जायला हवं.

राजा : पळपुटा म्हणतील.

वहिनी : म्हणतील. मी आयुष्यभर ऐकलंय. आता तुम्ही ऐका.

राजा : आणि महादेवाला काय सांगू?

वहिनी : त्याची मला काळजी नाही. तो जवळून बघतो. माणसं लांबून बघतात, खरी पंचाईत तिथे आहे.

राजा : ...ए नावाड्या, होडी तयार आहे?

नावाडी : तयार? तिला तर कंटाळा आलाय, महाराज!

राजा : हात दे. असा नको, उचलू नकोस मला. चालत जाईन. वहिनी, निशाण तुम्ही धरा, माझ्याच्यानं दोन्ही व्हायचं नाही.

वहिनी : आणा इकडे. मला सवय आहे पहिल्या होडीची.

नावाडी : जपून, महाराज, शेवाळ आहे. बसा मधे. बाईसाहेब, ते उंच धरा, खिंडीतून दिसलं पाहिजे. हं, सुटली!

राजा : वहिनी, ते बघताहेत माझ्याकडे.

वहिनी : बघू द्या.

राजा : त्या कोपऱ्यातला पोरगा... परवा माझ्या ताटात जेवला तो. त्यानं तोंड फिरवलं.

वहिनी : मान खाली घालू नका. ह्यांनी घातली होती, तेवढं चुकलं त्यांचं.

राजा : मला लाज वाटतेय, वहिनी. एवढी लाज कधी वाटली नव्हती.

वहिनी : ठाऊक आहे.

राजा : ए, तुझं तोंड काठाकडे आहे. काय चाललंय सांग.

नावाडी : काही नाही, महाराज. उभे आहेत नुसते. ...थांबा. एकजण पाण्यात उतरला. दुसरा उतरला. आई गं, तुटून पडले की होड्यांवर! अरे हळू, बुडवाल ना!

वहिनी : खिंडीकडे बघ.

नावाडी : बघतोय, बाईसाहेब. धूळ दिसतेय. उतरताहेत. आपलीच आहेत, उतरताहेत!

राजा : सगळ्यांत मागे कोण आहे?

नावाडी : धाकटे महाराज. चालतच येताहेत. थांबले. निशाणाकडे बघताहेत. ...नाही, निघाले. आता पळताहेत तेही.

वहिनी : देवा!

राजा : काठावरची माणसं ओरडताहेत काहीतरी. काय म्हणताहेत?

नावाडी : वारा आहे, महाराज. नीट ऐकू येत नाही.

राजा : ओरडणं मलाही ऐकू येतंय, तुला शब्दही कळत असतील. सांग.

नावाडी : ...शिव्या देताहेत, महाराज. तुम्हाला.

राजा : असू दे. आम्हाला उतरवलंस की क्षणभरही थांबू नकोस, त्यांना आणायला परत जा.