अध्यक्षाच्या गाडीची पिचकारी

…आन वरून लोक मलेच विचारतात, "यादोराव, तुमी एवढे भेता कायले?" आता घ्या! माझ्या जागी तुमी असते तं काय केलं असतं, सांगा ना? वीस वर्षांची जुनी व्हॅन, आत सहा बाया, समोर काचेवर तुडतुड्यांचं पिठलं, एका अंगाले पान्यानं भरलेला नहर, दुसऱ्या अंगाले धानाच्या बांध्या, आन माझ्या पायापाशी पाच लिटरच्या टाकीत… टाकीत काय होतं ते सांगतो, थांबा, घाई नोका करू. भेव लागते ना बाप्पा, खोटं कायले बोलू!

मी जन्माचाच भेकड, हे पयलेच सांगून ठेवतो. बोदलकस्याच्या तलावाच्या अलीकडं आमचं गाव, तठून तिरोड्यापर्यंत रोज पाशिंजर मारतो, पन काटा चाळीसच्या वर गेला का मले माय आठवते! आता तुमी शहरातले असान तं तुमाले तुडतुडा माहीत नसन. धान पिकाले आलं का हा एवढासा किडा, तिळाएवढा, दिवसभर धानाचा रस पिते आन दिवस बुडला का उजेडावर येते. एक नाई, दोन नाई, पोतंभर! गाडीचे लाइट लावले का फाट फाट फाट काचेवर. आन वायपर मारला तं मेला किडा निघते का? नाई! तो पसरते! पांढरा-हिरवा लेप. त्यातून रस्ता कसा दिसते म्हनान तं… दिसतच नाई.

मंग तुमी म्हनान, यादोराव, काचेवर पानी मारायची पिचकारी असते ना गाडीले? होती ना! बटन दाबलं का आतून घुर्रर्र… घुर्रर्र… आन मंग काचेच्या बुडाशी एक थेंब. एक! मागच्या साली अशाच लेपातून पाहून राहिलो होतो, समोर काहीतरी काळं दिसलं, म्हनलं सावली असन झाडाची. तं सावलीनं शेपटी हालवली! शालीकरामची म्हैस! ब्रेकवर उभाच राहिलो मी. म्हशीनं काचेले नाक लावून मले पाह्यलं, मी म्हशीले पाह्यलं, दोघांपैकी म्हैस शांत होती. घरी आलो तं तीन दिवस ताप. आमची सुमित्रा म्हने, "गाडी विका, नाई तं काच धुवाची सोय करा. मले अजून कुकू लावाचं हाय." भेव लागते ना बाप्पा, खोटं कायले बोलू!

म्हून गेलो तिरोड्याले, धर्मेंद्र मिस्त्रीकडं. पोरगा हुशार हाय, पन तोंडात तंबाखूचा खर्रा आन अंगात जुगाड. गाडीखाली वाकला, तठूनच बोलते, "काका, ये पंप तो मर गया. नवा भेटनार नाई, मॉडेलच बंद झालं. पर तुम टेन्शन मत लो ना!" आन उठून आनलं काय? धानावर औषध मारायचा बॅटरीचा फवारनी पंप! पाठीवर घेऊन मारतात ना, तो! "याची मोटर बारा व्होल्टची, तुमच्या गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. ये तो सगे भाई निकले, काका!" मी म्हनलं, अरे, पन हे शेतात मारायचं हाय बाबू, काचेवर… "काका, तुडतुड्यालेच मारायचं हाय ना? त्याच्याच पंपानं मारू!"

आता याच्यावर काय बोलान तुमी?

लावला त्यानं. पाच लिटरची कोरी टाकी माझ्या पायापाशी, दोन नवे नोझल काचेखाली. "दबाओ काका!" दाबलं. आईशपथ सांगतो, धार काचेवरून, टपावरून, रस्त्यावरून गेली आन पलीकडच्या टपरीवर चहा पिऊन राहिलेल्या मानसाच्या कपात! तो मानूस कप घेऊन इकडं येऊन राहिला अन् मी सीटखाली. मंग धर्मेंद्रनं पक्कड घेऊन नोझल वाकवले, धार काचेवर आनली. "आता फर्स्टक्लास. पर काका, सादं पानी नाई चालनार. तुडतुड्याच्या अंगात चिकट असते, त्याले स्पिरिट पायजे."

स्पिरिट कोठं भेटते? मेडिकलवाला म्हने डॉक्टरची चिठ्ठी आना. काच पुसाले डॉक्टर कोनती चिठ्ठी लिहीन? साबन टाकून पाह्यलं, तं काचेवर नुसता फेस! पयले किडे दिसत होते, आता किडेही दिसेनात.

आन इथंच… इथंच माझी बुद्धी फिरली.

तुमाले हे सांगाचं राह्यलंच का मी गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष हाय. हसू नोका! कसा झालो? भेऊन झालो! बचतगटाच्या सुशीलाबाई ग्रामसभेत उभ्या राह्यल्या, कमरेले पदर, "कोन होते अध्यक्ष? पिनारा नोको, न पिनारा पायजे!" सारे मानसं खाली पाहाले लागले. मी बी खाली पाहत होतो, पन जरा उशिरानं. नजरेत सापडलो. छप्पन्न वर्षांत एक थेंब नाई घेतला मी, कारन बाप म्हने पिल्यावर भूत दिसते. आन नियम बी मीच लिहिले, माझं अक्षर चांगलं म्हून. पिनाऱ्यानं आठ दिवस ग्रामपंचायतीचं आंगन झाडाचं. आन ज्या गाडीत दारू सापडन, ती गाडी गावात चालनार नाई. कायमची! माझ्या हातानं लिहिलं हो! खाली सही, यादोराव.

तं पिचकारी लावली त्याच आठवड्यात बायांनी चैतरामच्या भट्टीवर धाड टाकली. मडके फोडले, मोहाचा आंबवलेला सडवा सांडला, आन एक कॅन सापडली पाच लिटरची, पयल्या धारेच्या दारूची. सुशीलाबाई म्हने, "इथं नोका ओतू, मागच्या खेपी माझा कोंबडा पिऊन दुपारभर बांग देत होता. अध्यक्ष, तुमी नाल्यात नेऊन ओता." नेली. पन नाल्याकडं झुडपं, साप-किरडू… एकटा कसा जाऊ? कॅन गाडीतच राह्यली. आन इकडं धर्मेंद्र म्हनते स्पिरिट पायजे! ओतली टाकीत. सारी. चारी बाजूले पाहत, जसं कोनाचं लेकरू चोरून राहिलो.

पन काच? एक पिचकारी मारली, एक वायपर फिरवला, तं मले वाटलं काच निखळूनच पडली. हात लावून पाह्यलं, होती! तालुक्यात अशी काच कोनाची नसन. पन वास बी तसाच… आन पयल्या धारेची म्हंजे काडी लावली का निळी पेटते. अन् ती माझ्या पायापाशी! तवाच ठरवलं, पाशिंजर असताना हे बटन दाबाचं नाई. मरून गेलो तरी दाबाचं नाई.

तं तुमाले सांगतो, मरायचीच पाळी आली!

तिरोड्याले आमच्या समितीचा सत्कार. दुपारी दोनचा कार्यक्रम, पाहुने आले पाचले. शाल, नारळ, फोटो. मले माईकवर उभं केलं, मी म्हनलं "दारू वाईट असते" आन बसलो. निघता निघता दिवस बुडला. सहा बाया गाडीत. सुशीलाबाई समोर, माझ्या बाजूले, नारळ मांडीवर. आमची सुमित्रा मांगं. शाल माझ्या खांद्यावरच, कारन ती काढू देईनात, "राहू द्या, शोभून राहिली."

नहराच्या रस्त्याले लागलो, लाइट लावले, आन फाट! फाट फाट फाट!

दोन मिनटात काच गेली. वायपर मारला, लेप झाला. बटन अंगठ्याखाली, पन दाबू कसा? दाबलं तं वास, वास आला का गाडी गेली. नाई दाबलं तं नहर. इकडं आड, तिकडं विहीर, आन मधात शाल पांघरून मी! वेग केला दहा. सुशीलाबाई म्हने, "भाऊ, बैलबंडी समोर निघून गेली ना! चालवा ना जरा!" मी काय बोलू? खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आन तसाच चालवाले लागलो. किडे डोळ्यात, किडे नाकात, राम राम म्हनाले तोंड उघडलं तं तोंडात! मांगून सुमित्रा, "अवो, काय करून राहिले? मुंडकं आत घ्या!" मी म्हनलं हवा घेऊन राहिलो. भेव लागते ना बाप्पा, खोटं कायले बोलू!

आन तेवढ्यात डोळ्यात किडा गेला. दोन्ही डोळे मिटले. काच बी आंधळी, मी बी आंधळा, आन कोठून तरी ट्रॅक्टरचा आवाज… जवळून! गाडीत सहा बाया, त्यात एक माझी. अंगठा माझा नव्हताच त्या टायमाले. दाबल्या गेलं!

सर्रर्रर्र!

वायपर फिरला, काच लख्ख, आन डोळा उघडतो तं समोर धानाच्या भाऱ्यांची ट्रॉली, ना लाइट, ना लाल कपडा, चार हातावर! ब्रेक! गाडी थांबली तं ट्रॉलीतल्या भाऱ्याच्या लोंब्या काचेले टेकून हालत होत्या. सहा बाया जिवंत. मी बी जिवंत. सांगतो तुमाले, त्या घडीले मले रडूच आलं.

पन धार! अर्धी काचेवर गेली, आन अर्धी वाऱ्यानं वळून सरळ माझ्या बाहेर काढलेल्या तोंडावर! मिशीवर, सत्काराच्या शालीवर, आन तोंड उघडं होतं ना किंकाळीसाठी, तं आत बी. छप्पन्न वर्षांतला पयला घोट. जळत गेला खालपर्यंत.

मंग सुशीलाबाईनं नाक वर केलं. हुंगलं. माझ्याकडं वळली.

"भाऊ… तोंड उघडा."

उघडलं. बाईनं वास घेतला, आन नारळ असा हातात तोलला का मले वाटलं सत्कार आता डोक्यावरच होते. "म्हूनच! म्हूनच दहाच्या वेगानं! म्हूनच मुंडकं बाहेर! अध्यक्ष पिऊन हाय गं बायांनो!" आन मांगून सुमित्राचा आवाज, असा बारीक का मी कधी ऐकला नव्हता, "अवो… खरं सांगा. पिले का तुमी?"

आता पाहा. खरं सांगितलं, का बाई, दारू टाकीत हाय, तं नियम! गाडी गावात बंद, कायमची. खायचं काय? आन खोटं सांगितलं तं आठ दिवस झाडू. खाली माझीच सही, दोन्हीकडं. पायापाशी टाकीत दारू हिंदकळून राहिली होती, मले ऐकू येत होती. मी स्टेअरिंगले घट्ट धरलं, डोळे मिटले आन म्हनलं,

"पिलो."

झालं! अध्यक्षपद गेलं. आठ दिवस ग्रामपंचायतीचं आंगन झाडलं, लेकरं पाहाले येत. गाडी वाचली. टाकीत अजून साडेचार लिटर हाय, ओतून टाकाची हिंमत नाई, जठी ओतीन तठी वास येईन. म्हून रोज घेऊन फिरतो, समितीच्या नव्या अध्यक्षा समोरच्या सीटवर, सुशीलाबाईच, आन त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर चैतरामचा माल. बटनावर मी काळी पट्टी चिकटवली हाय. दिवस बुडाच्या आत घरी येतो.

आन बायांनी ठराव केला. रोज सकाळी किल्ली फिरवाच्या आधी सुमित्रानं माझं तोंड हुंगाचं, मंगच गाडी निघाची. ती येते आंगनात, हात पुसत, टाचा उंच करते, डोळे मिटते आन नाक माझ्या तोंडाले लावते. बत्तीस वर्षांच्या संसारात बाई एवढी जवळ कधी आली नव्हती हो… आन मी श्वास रोखून उभा राहतो.