तेल लावलेल्या काड्या

मुलचेराच्या बसथांब्यावर अगरबत्ती कारखान्यातल्या आशाबाईंनी बसमधून उतरलेल्या, काठ्या बनवणाऱ्या लटारूभाऊंची मोळी सोडली. भाऊंच्या बांबूच्या काड्या आज मालकाला पसंत पडल्या, तर कारखाना व्हिएतनामच्या काड्या मागवणं बंद करणार होता.

"भाऊ, ह्या चमकून काऊन राह्यल्या?"

"तेल चोळलं. काठीले चोळतो तसं."

"अन् मसाला कसा चिकटन? घसरन ना!"

"व्हिएतनामवाले नाई लावत?"

"ते काड्या पाठवते. तुमी तं नवरी सजवून आणली!"

"मालक परत करन का, बाई?"

"त्याले दाखवतच नाई. सांगते, भाऊची बस चुकली."

"मंग?"

"नवरीले राखेनं घासा, धुवा, उन्हात वाळवा. सोमवारी आणा."

"पन बाई, बस तं टायमावर आली."

"आली असन. तुमाले नाई दिसली."