घरटी एक

आखातातल्या मुसफ्फ्यात कंपनीच्या बससाठी दौलत रांगेत उभा होता. पुढे गडचिरोलीचे दोघे भाऊ. थोरला नुकताच गावी फोन करून आला होता.

"बाबा काय म्हणाले, भाऊ?"

"जंगलवाले पुन्हा आले होते. घरटी एक माणूस बंदूक घ्यायला दलमात द्या म्हणाले. आपल्या गीताचं नाव घेतलं."

"ती सोळाची आहे."

"बाबांनी सांगितलं, मामाकडे गेली. ती धानाच्या कोठीत लपली होती."

"पोलिसांत जाऊ दे त्यांना."

"पोलीस परवाच येऊन गेले. जंगलवाल्यांना जेवण कोणी घातलं, म्हणून बाबांना मारलं."

"मग गीताला नागपूरला पाठव."

"ती एकटी गेली, तर जंगलवाले बाबांना खबऱ्या ठरवतील."

"सगळेच निघू दे."

"कापणी टाकून? माझं नाही ऐकलं त्यांनी. अजून गावच्या एसटीडी बूथवरच बसलेत."

"मी बोलतो. कार्ड दे."

"संपलं."

दौलतने आपलं फोनकार्ड धाकट्याच्या हातात ठेवलं.

"यल्ला, यल्ला," ड्रायव्हर ओरडला. दौलत चढला. धाकटा शेजारच्या फोनबूथकडे पळाला होता. खिडकीतून त्याचा आवाज आला.

"बाबा, बैल सोडून द्या. आईला, गीताला घेऊन आजच निघा. हो बाबा, मी लहान्याच सांगतोय."